१९२०च्या दशकातली अमेरिका : हप्त्याची मोटार, हप्त्याचा रेडिओ, आणि हप्ता चुकला तर?

कातळखूण (धागालेखक)

अमेरिकेतल्या महामंदीची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा थेट ऑक्टोबर १९२९ पासून सुरू होते. शेअर कोसळले, बँका बुडाल्या, लोक रस्त्यावर आले. त्याआधीची दहा वर्षे साधी माणसे मोटार, रेडिओ, कपडे धुण्याचे यंत्र नेमके कशी घेत होती, सही करत होती त्या कागदावर काय लिहिलेले असे, हे फारसे कुणी उलगडत नाही. मंदी इतकी खोल का गेली हे समजून घ्यायचे तर वॉल स्ट्रीटच्या आधी मोटारीच्या दुकानातला करार वाचायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हप्त्याची पद्धत जुनीच. सिंगर शिलाई यंत्राच्या कंपनीतले भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी ती १८५६ मध्ये चालू केली. यंत्र शंभर डॉलरच्या पुढचे आणि साधारण कुटुंबाची वर्षाची कमाई पाचशेच्या आसपास, म्हणजे रोखीने घेणे अशक्यच. थोडे पैसे आधी भरायचे, बाकीचे दरमहा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी कंपनीची, घेणारा कागदोपत्री भाडेकरू. ही अट लक्षात ठेवा, सगळा धागा तिच्याभोवतीच फिरणार आहे. पुढे पियानो आणि फर्निचर याच वाटेने घरात आले, पण हप्त्याने घेणे बराच काळ कमीपणाचे मानले जाई. हा समज मोटारीने पुसला.

फोर्डची मॉडेल टी ऑक्टोबर १९०८ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली आणि सांगाडा जुळवायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ १९१४ पर्यंत ९३ मिनिटांवर आला. १९२५ मध्ये दोन माणसांची उघडी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. मात्र ती हँडल मारून सुरू करायची. बटणाचा स्टार्टर आणि सुटी होणारी रिम हवी असेल तर ८५ डॉलर वेगळे, शिवाय डेट्रॉइटपासूनचे भाडे वेगळे. स्वस्ताईचे आकडे वाचताना ही तळटीप नेहमी गळते.

इतके स्वस्त करूनही फोर्ड मागे पडला, कारण हेन्री फोर्ड यांना उधारी मान्य नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी आठवड्याला ५ डॉलर साठवायची योजना काढली. पैसे बँकेत जमा होत राहायचे, पूर्ण किंमत साठली की गाडी मिळायची. समोरच्या दुकानात जनरल मोटर्सचा विक्रेता एक तृतीयांश रक्कम घेऊन त्याच दिवशी किल्ली हातात देत होता. त्यापुढे ही योजना टिकली नाही. १९२८ मध्ये फोर्डलाही स्वतःची वित्तकंपनी काढावी लागली.

जनरल मोटर्सने ती १९१९ मध्येच काढली होती. नाव जनरल मोटर्स अ‍ॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन. लोकांना वाटते ती गिऱ्हाइकासाठी होती. मूळ अडचण विक्रेत्याची होती. गाड्या उघड्या, रस्ते चिखलाचे, म्हणून खरेदी वसंतात आणि उन्हाळ्यात. कारखाना मात्र बारा महिने चालायला हवा. मग थंडीत तयार झालेल्या गाड्या ठेवायच्या कुठे? विक्रेत्याच्या गोदामात. पण रेल्वेने गाड्या आल्या की त्याला रोख मोजावे लागत आणि गावातली बँक असल्या मालावर कर्ज द्यायला नाखूष असे. वित्तकंपनीने आधी विक्रेत्याच्या साठ्याला पैसे पुरवले, मग त्याच गाडीच्या गिऱ्हाइकाला.

व्यवहार असा होई. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेतो :

१. गाडी ६०० डॉलरची. गिऱ्हाईक २०० आधी देई, रोख किंवा जुन्या गाडीच्या रूपाने.
२. उरलेल्या ४०० वर आकार चढवून बारा महिन्यांचे बारा कागद, म्हणजे पैसे भरण्याची लेखी वचने. आग आणि चोरीचा विमा सक्तीचा, त्याचा हप्ता वेगळा.
३. विक्रेता ते कागद वित्तकंपनीला विकून आपले पैसे लगेच मोकळे करी.
४. वित्तकंपनी स्वतः बँकांकडून आणि बाजारात अल्पमुदतीचे कागद विकून पैसा उभा करी.
५. हप्ता थकला तर गाडी परत. पुष्कळ करारांत परत आलेली गाडी विक्रेत्यालाच घ्यावी लागे, म्हणून गिऱ्हाईक पारखायची जबाबदारीही त्याचीच.

दशकाच्या मध्यापर्यंत चारांतल्या जवळपास तीन मोटारी अशा विकल्या जात होत्या. फर्निचर, फोनोग्राफ, रेडिओ, धुलाई यंत्रे यांचे प्रमाणही थोड्याफार फरकाने तेवढेच.

जाणकारांनी भर घालावी.

जमाखर्च

उत्तम सुरुवात. ‘आकार चढवून’ हे दोन शब्द मात्र उलगडायला हवेत, कारण सगळी मेख तिथे आहे.

४०० वर ‘सहा टक्के’ म्हणून २४ डॉलर लावले असे धरू. एकूण ४२४, महिन्याला ३५.३३. ऐकायला सहा टक्के. पण गिऱ्हाइकाकडे ४०० डॉलर वर्षभर नसतातच, दर महिन्याला मुद्दल उतरत जाते. वर्षभराची सरासरी बाकी काढली तर ती २१६–२१७ डॉलर येते आणि त्यावर २४ म्हणजे सुमारे ११ टक्के. जवळजवळ दुप्पट. खरा वार्षिक दर कागदावर लिहायची सक्ती तेव्हा नव्हती. ती अमेरिकेत १९६८च्या कायद्याने आली.

मग व्याजमर्यादेचे कायदे कुठे गेले? बहुतेक राज्यांत सहा ते दहा-बारा टक्क्यांची मर्यादा होतीच. पण १८६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉग विरुद्ध रफनर या खटल्यात म्हटले होते की विकणाऱ्याने रोखीची एक आणि उधारीची दुसरी किंमत सांगितली तर तो फरक व्याज नव्हे, किंमतच. या एका भेदावर अख्खा हप्त्याचा धंदा व्याजाच्या कायद्याबाहेर उभा राहिला.

रोख कर्जाला ही पळवाट नव्हती, तिथे दुसरी शोधली. नॉरफोक, व्हर्जिनिया इथे आर्थर मॉरिस यांनी १९१० मध्ये पगारदारांसाठी बँक काढली. शंभर डॉलरचे कर्ज, दोन जामीन. सहा डॉलर व्याज आणि दोन डॉलर चौकशीचा खर्च आधीच कापून हातात ९२. मग पन्नास आठवडे दर आठवड्याला दोन डॉलर भरायचे. पण ती कर्जफेड म्हणून नव्हे, बचतीच्या प्रमाणपत्रात ठेव म्हणून! पन्नास आठवड्यांनी प्रमाणपत्र शंभरचे झाले की ते देऊन कर्ज वळते करायचे. व्याज सहा टक्केच दिसते, कारण मुद्दल ‘कमी झालेलेच नाही’. खरा दर सतरा-अठरा टक्के. तरीही गल्लीतल्या सावकारापेक्षा हे कितीतरी बरे होते, हेही नोंदवायला हवे. रसेल सेज फाउंडेशन या समाजसुधारणेच्या संस्थेने १९१६ मध्ये छोट्या कर्जांच्या कायद्याचा जो नमुना तयार केला, त्यात ३०० डॉलरपर्यंत महिना साडेतीन टक्के दराला परवानगी होती. सुधारकांनी हा दर ठरवला यावरून आधीचा सावकारी दर काय असेल याचा अंदाज येईल.

सांजवात

वाचते आहे, फार छान चालले आहे. एक शंका. महिना ३५ डॉलर म्हणजे त्या काळी कामगाराला किती जड? आणि बाकीच्या वस्तूंचेही बाराच हप्ते असत का?

कातळखूण

कारखान्यातल्या कामगाराची वर्षाची सरासरी कमाई दशकाच्या उत्तरार्धात १,५०० डॉलरच्या आसपास. महिन्याला सव्वाशे. त्यातून ३५ म्हणजे पाव भागाहून जास्त एकट्या मोटारीला. म्हणून बरेच कामगार नवी नव्हे, जुनी गाडी घेत, तीही हप्त्यानेच. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेच्या हिशेबात १९२९ मध्ये सुमारे ६० टक्के कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न २,००० डॉलरपेक्षा कमी होते. ही भरभराट कुणाच्या खांद्यावर उभी होती ते यातून कळते.

मुदती वस्तूगणिक वेगळ्या. पियानोला दोन-तीन वर्षे, कारण तो टिकतो आणि परत घेतला तरी विकला जातो. कपड्यांना काही आठवडे. धुलाई यंत्र आणि व्हॅक्यूम क्लीनर वीज कंपन्याच विकत आणि हप्ता विजेच्या बिलात लावत. वसुलीचा वेगळा माणूस नको, आणि यंत्र चालले की वीजही खपते. पण यासाठी घरात वीज हवी. १९२० मध्ये साधारण एक तृतीयांश घरांत होती, १९३० मध्ये दोन तृतीयांश घरांत. हा बदल झाला नसता तर बाकी काहीच झाले नसते.

व्हॉल्व्हसेट

रेडिओबद्दल मी लिहितो. इथे हप्त्याची एक वेगळीच गोची होती : वस्तू फिटायच्या आत जुनी होत असे.

पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. १९२२ मध्ये देशभरात सहा कोटी डॉलरचे रेडिओ विकले गेले, १९२९ मध्ये ८४ कोटींचे. १९३०च्या जनगणनेत पाचांतल्या दोन कुटुंबांकडे रेडिओ होता.

पण १९२५चा रेडिओ म्हणजे नुसती पेटी. जाहिरातीतली किंमत बहुधा व्हॉल्व्ह (संदेश वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), बॅटऱ्या आणि आवाजाचा कर्णा सोडून असे. पाच व्हॉल्व्हचा नेहमीचा सेट धरा, २०१-ए जातीचे व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ५ व्होल्टवर पाव अँपिअर, म्हणजे पाचांना सव्वा अँपिअर. त्यासाठी ‘ए’ बॅटरी, ६ व्होल्टची, मोटारीच्याच जातीची, शिशाची आणि आम्लाची. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तर हिशेबाने ऐंशी तास. रोज चार तास ऐकले तर तीन आठवड्यांच्या आत रिकामी, आणि इतकी उतरू दिली तर प्लेटा खराब होतात म्हणून पंधरवड्यालाच चार्जिंगला न्यायची. उचलून नेताना आम्ल सांडले की सतरंजीला भोक. शिवाय ‘बी’ बॅटऱ्या, ४५ व्होल्टच्या, दोन जोडून ९०. या कोरड्या, चार्ज होत नाहीत. काही महिन्यांत फेकायच्या आणि नव्या आणायच्या. बऱ्याच सेटना त्यावर ‘सी’ बॅटरीही लागे.

सगळ्यात मोठा अपघात जोडणीचा. ‘बी’ची ९० व्होल्टची तार चुकून ‘ए’च्या खुंटीला टेकली की पाचही फिलामेंट एका क्षणात जळतात. म्हणून जाणकार जोडणी तपासताना व्हॉल्व्ह आधी काढून ठेवायला सांगत.

१९२७ मध्ये थेट विजेवर चालणारे सेट सर्रास आले. २२६ आणि २२७ हे व्हॉल्व्ह, आत ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर, बॅटरीच नको. आता ज्याने १९२६च्या हिवाळ्यात बॅटरीचा सेट बारा हप्त्यांवर घेतला त्याची अवस्था पाहा. निम्मे हप्ते उरलेत आणि सेटला बाजारात भाव नाही. विक्रेत्याने तो परत घेऊन तरी काय करायचे? मोटारीला निदान जुन्या गाड्यांचा बाजार होता. रेडिओचे तारण तारण उरतच नसे.

चौथा_गिअर

व्हॉल्व्हसेट यांनी सांगितलेले जुने होणे मोटारीत मुद्दाम घडवले गेले. १९२३-२४ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीचा ड्यूको नावाचा लॅकर रंग आला. आधीच्या व्हार्निशी रंगाचे थर वाळायला दिवसचे दिवस, कधी आठवडे लागत. लवकर वाळतो म्हणून फोर्डने काळा इनॅमल धरून ठेवला होता. ड्यूको काही तासांत वाळे आणि हव्या त्या रंगात मिळे. जनरल मोटर्सच्याच ओकलंड या नावाच्या १९२४च्या निळ्या गाड्या यानेच रंगवल्या. जनरल मोटर्सचे अध्यक्ष अल्फ्रेड स्लोन यांचे सूत्र होते, प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक कामाला एक गाडी. शेव्हरलेपासून कॅडिलॅकपर्यंत पायऱ्या, आणि दरवर्षी थोडा बदल. जुनी गाडी देऊन वरच्या पायरीची घ्यायची, फरक हप्त्याने.

फोर्डची मॉडेल टी मे १९२७ मध्ये थांबली, दीड कोटी गाड्या निघाल्यावर. मॉडेल ए डिसेंबरमध्ये दाखवली. मधले सहा महिने फोर्डचे कारखाने जवळपास बंद आणि डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार घरी. त्यांचेही हप्ते चालूच होते. १९२९च्या आधीच्या या बेकारीकडे कुणी फारसे पाहत नाही.

आपल्याशी धागा जुळतो तो असा : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. घरचा बाजार भरत चालला तसे बाहेर हातपाय पसरणे हा त्याच धोरणाचा भाग.

तिफण

सगळे शहरावर बोलताय. त्या काळी जवळजवळ निम्मा देश गावखेड्यात राहत होता आणि तिथे मंदी १९२० सालीच आली होती.

महायुद्धात गव्हाला बुशेलमागे (बुशेल हे तिकडचे धान्याचे माप) दोन डॉलरच्या वर भाव मिळाला. शेतकऱ्याने त्या भावाच्या भरवशावर चढ्या दराची जमीन घेतली, तीही गहाण ठेवून. युद्ध संपले, युरोपची शेती पुन्हा उभी राहिली आणि १९२१ पर्यंत गहू डॉलरच्या आसपास आला. कापूस अर्ध्याहून खाली. कर्जाचा आकडा मात्र डॉलरमध्ये लिहिलेला, तो हलत नाही. हजार डॉलर फेडायला आधी पाचशे बुशेल लागत होते, आता हजार.

त्यात ट्रॅक्टर. फोर्डने १९२२च्या सुरुवातीला फोर्डसन ६२५ वरून ३९५ डॉलरवर आणला आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरलाही भाव पाडावा लागला. ट्रॅक्टर आला की घोडे कमी होतात, घोड्यांसाठी लावलेल्या ओट आणि चाऱ्याची जमीन धान्याला मोकळी होते, धान्य वाढते, भाव आणखी उतरतो. एकट्या शेतकऱ्याच्या हिशेबाने ट्रॅक्टर घेणे बरोबर होते. सगळ्यांनी मिळून घेतला की सगळ्यांचाच भाव पडतो.

याचा भार गावच्या बँकांवर आला. १९२१ ते १९२९ या भरभराटीच्या म्हणवल्या जाणाऱ्या वर्षांत पाच हजारांहून अधिक बँका बंद पडल्या, बहुतेक छोट्या, शेतीच्या भागातल्या. अनेक राज्यांत बँकेला दुसरी शाखा काढायला कायद्याने बंदी होती. एकच इमारत, एकच तालुका, एकच पीक. पीक गेले की बँक गेली. आणि रेडिओ-फ्रिजचे म्हणाल तर १९३० मध्येही दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. अमेरिकेची ‘भरभराट’ हा शब्द वापरताना हा अर्धा नकाशा वगळला जातो, याची मला खरोखर चीड येते.

निळा_पारवा

माझे थोडे वेगळे मत. या चर्चेतून हप्ते म्हणजे फसवणूक असा सूर निघू नये. आकडे उलट सांगतात. १९२०च्या दशकात मोटारीच्या हप्त्यांत वित्तकंपन्यांचे नुकसान नगण्य होते. १९३० ते १९३३ मध्येही बँका हजारोंनी बुडाल्या, पण मोठ्या वित्तकंपन्या तगल्या. लोकांनी हप्ते फेडले. सामान्य माणूस उधारीला लायक आहे हे यातून सिद्ध झाले, आणि हे कळल्यावरच नॅशनल सिटी बँकेने मे १९२८ मध्ये छोट्या वैयक्तिक कर्जांचा विभाग उघडला.

या वादात तेव्हा पडलेले एक मोठे नाव म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिगमन. जनरल मोटर्सच्या पाठबळाने त्यांनी हप्त्याच्या विक्रीचा दोन खंडी अभ्यास केला आणि तो १९२७ मध्ये आला. मोटारीवरची उधारी ही उधळपट्टी नसून वापरता वापरता केलेली बचत ठरू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पैसा कुणाचा होता हे लक्षात ठेवूनच तो वाचावा, पण मांडणी भक्कम आहे. हेच सेलिगमन डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तावरचा आंबेडकरांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, त्याला प्रस्तावना त्यांचीच.

तेव्हा हप्त्यांमुळे मंदी आली हे मला पटत नाही. हप्ते बुडालेच नाहीत, तर मंदी त्यातून कशी येईल?

जमाखर्च

सेलिगमन यांचा संदर्भ फार मोलाचा. मला हे नाते ठाऊक होते, पण दोन विषय असे शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

कातळखूण

निळा_पारवा, तुमचा प्रश्नच या धाग्याचा गाभा आहे. हप्ते बुडाले नाहीत, हे शंभर टक्के खरे. आणि ते का बुडाले नाहीत यातच बाजार का आटला याचे उत्तर आहे.

वरचीच गाडी घ्या. २०० आधी दिले, ३५.३३चे आठ हप्ते भरले, म्हणजे ४८२.६७ गेले. उरले १४१.३३. नोकरीवर गदा आली किंवा येईल अशी भीती वाटली. नववा हप्ता थकवला तर? मालकी विक्रेत्याची, त्यामुळे गाडी जाते आणि भरलेले पैसेही जातात. समजा जुन्या बाजारात गाडीला ३५० मिळतात. येणे १४१, जप्तीचा खर्च वेगळा धरला तरी बराच वरकड उरतो. तो गिऱ्हाइकाला परत मिळावा, निम्म्याहून जास्त पैसे भरले असतील तर फेरविक्री सक्तीची असावी, असा एकसमान कायद्याचा मसुदा १९१८ मध्ये तयार झाला होता. पण तो मोजक्याच राज्यांनी स्वीकारला.

मग माणूस काय करील? १४१ डॉलरसाठी साडेतीनशेची वस्तू घालवणार नाही. हप्ता भरील आणि बाकी सगळे थांबवील. नवे बूट नाहीत, कोट उलटवून शिवायचा, दंतवैद्य पुढच्या वर्षी, रेडिओ नको, दुसरी गाडी तर नाहीच. करार जितका कडक तितके हप्ते वेळेवर, आणि तितकीच बाकी खरेदी आटते. लाखो घरांनी १९३० मध्ये एकाच वेळी हे केले. घरोघरच्या उत्पन्नाच्या तुलनेत ग्राहककर्जाचे प्रमाण त्या दशकात जवळपास दुप्पट झाले होते, म्हणून धक्काही तेवढा मोठा बसला. वित्तकंपनी सुरक्षित राहिली, कारण सगळा धोका तिने घरावर टाकला होता, आणि घराने तो चांभार, शिंपी आणि कारखान्यावर.

मंदी फक्त यातूनच आली असे माझे म्हणणे नाही. पण शेअर पडल्यावर सामान्य घराने हात इतक्या वेगाने का आखडला याला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही. शेअर दलालांकडे खाती असलेली माणसे बारा कोटींच्या देशात सुमारे १५ लाख. हप्त्याचे कागद त्याच्या कितीतरी पट घरांत.

निळा_पारवा

पटले. ‘बुडाले नाहीत’ याचा अर्थ ‘परिणाम झाला नाही’ असा मी घेत होतो.

सांजवात

आणि शेअर? ‘दहा टक्के भरा, शेअर घ्या’ असे नेहमी वाचतो. तोही हप्त्याचाच प्रकार ना?

जमाखर्च

दिसायला सारखा, आतून वेगळा. आणि दहा टक्के हे सरसकट खरे नाही. तशी उदाहरणे होती, पण १९२९ मध्ये मोठे दलाल ४० ते ५० टक्के मागत होते. तेव्हा सरकारी मर्यादा नव्हती, ती १९३४च्या कायद्याने आली.

१०० डॉलरचा शेअर, ४० तुमचे, ६० दलालाचे. भाव ८० झाला की तुमचे उरतात २०, म्हणजे किमतीच्या पाव. इथे दलालाची तार येते : आजच्या आज पैसे भरा, नाहीतर विकतो. मोटारीचा हप्ता ठरलेला असतो, वस्तूचा भाव पडला म्हणून वाढत नाही. शेअरवरचे कर्ज मागताक्षणी फेडायचे असते आणि भाव पडेल तसे जास्त मागते. म्हणून तिथे विक्रीतून विक्री निघते. दलालांना मिळालेली कर्जे ऑक्टोबर १९२९ पर्यंत साडेआठशे कोटी डॉलरवर गेली होती आणि २६ मार्च १९२९ रोजी या पैशाच्या व्याजाचा दर २० टक्क्यांना टेकला होता. शेअरबाजाराचा डाउ निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ला ३८१.१७ होता, २९ ऑक्टोबरला २३०.०७, आणि ८ जुलै १९३२ला ४१.२२.

घरे राहिली. गृहकर्ज तेव्हा आजच्यासारखे वीस-तीस वर्षांचे नव्हते. किमतीच्या साधारण निम्मे, मुदत तीन ते पाच वर्षे, बऱ्याचदा फक्त व्याज भरायचे आणि शेवटी मुद्दल एकरकमी. उरलेल्या रकमेसाठी चढ्या व्याजाचे दुसरे गहाण. मुदत संपली की बँक कागद नवा करून देई, म्हणून कुणाला चिंता नव्हती. १९३१-३२ मध्ये बँकेकडेच पैसा नव्हता. एकही व्याज न चुकवलेल्या माणसाचे घर फक्त मुदत संपली म्हणून जाऊ लागले. १९३३ मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढून सुमारे दहा लाख घरांची कर्जे बदलून दिली : १५ वर्षे, ५ टक्के, मुद्दल दरमहा उतरत जाणारे. आज आपण ज्याला साधे गृहकर्ज म्हणतो ते रूढ व्हायला मोठा हातभार लागला तो इथून.

तिफण

जमाखर्च यांचा घरांचा मुद्दा शेतालाही जसाच्या तसा लागू. जमिनीची गहाणखतेही अशीच पाच वर्षांची असत.

व्हॉल्व्हसेट

एक राहिले. परत घेतलेल्या आणि बदल्यात आलेल्या जुन्या गाड्यांचे काय होई?

चौथा_गिअर

विक्रेत्याचे सगळ्यात मोठे दुखणे तेच. १९२०च्या दशकाच्या शेवटी पहिल्यांदाच मोटार घेणारा खरेदीदार संपत आला होता. नवी गाडी घेणाऱ्याकडे बहुधा जुनी असेच. ती जास्त भावाने घेतल्याशिवाय नवी विकली जात नाही, आणि जास्त भावाने घेतली तर नव्या गाडीवरचा नफा जुनीत जातो. अंगणात उभी राहून ती रोज उतरते आणि विक्रेत्याचा पैसा अडकतो. शेवटी कंपन्यांनीच विक्रेत्यांना पैसे देऊन जुन्या गाड्या मोडीत काढायला सुरुवात केली. फोर्डने १९३० मध्ये रूज कारखान्यात गाड्या सुट्या करायची सरकती रांग उभारली : काच, टायर, गादीतला भुसा वेगळा काढायचा आणि उरलेला सांगाडा दाबून भट्टीत.

मंदीत काय झाले हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नव्या मोटारींचे उत्पादन १९२९ मध्ये सुमारे ४४ लाख, १९३२ मध्ये ११ लाख. पण रस्त्यावर नोंद असलेल्या मोटारी १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख आणि १९३३ मध्ये २ कोटींच्या वरच. लोकांनी गाडी सोडली नाही. कातळखूण म्हणतात तसे हप्ते फेडले, जुन्या टायरला ठिगळे लावली आणि तीच चालवत राहिले. पेट्रोलचे पंप चालू होते. दिवा विझला तो डेट्रॉइटच्या कारखान्यांचा.